गोळ्यांचा कुलूपबंद डबा: बाबा चिपळूणला, मी श्टुटगार्टला, पाच महिन्यांचा अनुभव

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कशाचा कापला ते शेवटाकडे येईल, उरलेला एक एकादशीने खाल्ला.

बाबा 79 वर्षांचे, पोस्टातून निवृत्त, आई गेल्यापासून एकटे राहतात. दिवसातून चार वेळा गोळ्या: पहाटे उपाशीपोटी थायरॉईडची, न्याहारीच्या तोंडावर शुगरची (ग्लिमिपिराइड), दुपारी बीपीची, रात्री कोलेस्टेरॉलची. पूर्वी सगळ्या पट्ट्या रबरबँड लावून श्रीखंडाच्या डब्यात असायच्या आणि घेतली की कालनिर्णयवर टिंब. मार्चमध्ये शुगरची एकाच सकाळी दोनदा घेतली गेली. टिंब द्यायचं राहिलं म्हणून गोळी राहिली असं त्यांना वाटलं. शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या तेव्हा बाबा घामाने डबडबून ओटीवर बसलेले. साखरपाणी दिल्यावर सावरले. मला हे चार दिवसांनी कळलं.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात साडेआठ हजारांचं हे यंत्र घेतलं. पोळीएवढं गोल, चार बोटं उंच, आत 28 खणांची चकती. चार वेळा गुणिले सात दिवस, म्हणजे बरोबर एक आठवडा. वेळ झाली की चकती एक घर पुढे सरकते, दिवा लुकलुकतो, पिरपिर सुरू होते. डबा तळहातावर उपडा केला की गोळी पडते आणि आवाज थांबतो. तासाभरात उपडा केला नाही, तर ते घर बंद होऊन गोळी आतच राहते आणि मला निरोप येतो. दोनदा घेण्याचा धोका इथे खरोखर संपतो. नुसत्या या कामासाठी पैसे वसूल.

विकत घेणार असाल तर सिमकार्डवालाच घ्या. वायफायवालं स्वस्त आहे, पण कोकणात पावसाळ्यात वीज गेली की राउटर बसतो आणि निरोप येत नाही. डबा स्वतः सेलवर चालतो.

किल्ली काकूंकडे. दर रविवारी त्या भरतात, मी व्हिडिओ कॉलवर घरं मोजते. बाबा पहिले दोन आठवडे फुगून होते. "चाळीस वर्षं लोकांच्या मनीऑर्डरी मोजून दिल्या, आणि माझ्याच गोळ्यांना कुलूप?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिसऱ्या रविवारपासून भरताना मोजणी त्यांच्याकडे दिली. आता काकूंची चूक काढण्यात त्यांना भलताच आनंद होतो.

बीपीच्या गोळीने वेगळाच घोळ केला. टेल्मिसार्टन दमट हवेत ओल धरते, ती घेण्याच्या वेळीच पट्टीतून काढायची असते. चिपळूणच्या जुलैत डब्यातलं मीठ पाझरतं, तिथे ही गोळी आठवडाभर उघडी ठेवणार कशी? मी शहाणपणा केला. काकूंना पट्टी कात्रीने कापून एकेक चौकोन घरात टाकायला सांगितला. मेडिकलवाल्याने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. चष्मा नसताना म्हातारं माणूस तो चौकोन तसाच गिळतं, आणि त्या कडा अन्ननलिका चिरतात. आता दुपारच्या घरात कागदाची चिठ्ठी असते, "पट्टीतली बीपीची". चिठ्ठी पडली की बाबा पट्टीतून गोळी काढतात. थोडक्यात, या खणात साडेआठ हजारांचं यंत्र चिठ्ठी वाटतं. पोस्टमनला शोभतं म्हणा.

आता एकादशी. ॲपवर तीन महिने शुगरचं सगळं हिरवंगार. एकही गोळी चुकलेली नाही. ऑफिसात मी कौतुकाने दाखवत फिरले. गणपतीला घरी गेले, देवघर पुसायला घेतलं, तर निरांजनामागच्या स्टीलच्या वाटीत ग्लिमिपिराइडच्या तेरा गोळ्या. बाबांना विचारलं तर अगदी सहज म्हणाले, "अगं, उपवासाच्या त्या. ते यंत्र ओरडत बसतं म्हणून उपडं करतो." सहा एकादश्या, तीन संकष्ट्या, चार श्रावणी सोमवार. हिशेब चोख. डबा झाकणाचं आणि उपडं होण्याचं सांगतो, पोटात काय गेलं ते नाही. हे मला कळायला हवं होतं.

डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, रिकाम्या पोटी ही गोळी घेतली असती तर साखर पुन्हा खाली गेली असती, न घेण्यात बाबांचं काही चुकलं नाही, फक्त न सांगता केलं हे चुकलं. उपवासाच्या दिवसाचं वेगळं वेळापत्रक त्यांनी लिहून दिलं. पण ते यंत्राला सांगायचं कसं? त्याला वार कळतो, तारीख कळते, तिथी कळत नाही. "आज उपवास" असं एक बटण हवं, मधुमेही माणसाच्या देशात विकायचं तर एवढं सुचायला हवं होतं. कंपनीला लिहिलं, "आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद" आलं. कंपनीचं नाव इथे देत नाही, या प्रकारचे बरेचसे डबे असेच असावेत.

अर्धा तारा गेल्या रविवारचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत घड्याळं तासभर मागे जातात. ॲप वेळ धरतं ती माझ्या फोनची, डबा ठेवलाय त्या गावची नाही. सोमवारी चिपळूणला सहाची पिरपिर सातला झाली. बाबांनी तोवर साडेसहाचा चहा-बिस्किटं उरकली होती आणि थायरॉईडची गोळी त्यावर गेली. ती चहाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. मार्चच्या शेवटच्या रविवारी उलट होईल, फोनमध्ये आताच नोंदवून ठेवलंय. परदेशातून वापरणाऱ्यांनी हे आधी तपासा.

निरोपांबद्दल एक सल्ला. पहिला निरोप स्वतःकडे घेऊ नका. पहाटेची गोळी चुकली की जर्मनीतल्या उन्हाळी वेळेने माझ्याकडे रात्रीचे साडेतीन वाजायचे, मी दचकून फोन करायची, आणि बाबा अंगणात फुलं काढत असायचे. शेवटी ते म्हणाले, "तू मला फोन करतेस की डब्याला?" आता निरोप आधी काकूंना जातो, त्या डोकावून येतात. मला फक्त संध्याकाळी एकदा.

आणि तिथीसाठी आम्ही जुगाड केलाय. महिना संपत आला की बाबा कालनिर्णयच्या पुढच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात, मी उपवासाचे दिवस काढून काकूंना देते, त्या दिवशीच्या शुगरच्या घरात गोळीऐवजी "उपवास" अशी चिठ्ठी जाते. नोव्हेंबरचा फोटो काल आला. नेमका कार्तिकी एकादशीवर बाबांचा अंगठा आलाय, खाली शनिवार आहे की रविवार ते दिसत नाही. फोन करून विचारते.