एमर्सन, लेक अँड पामरची 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन' सीडी: आधी पियानो ऐका, मग ही लावा

जुन्या रॉकचे अल्बम मी बरेच घेतलेत पण हा जरा वेगळाच आहे, कारण ह्याच्या पोटात एक रशियन पियानो रचना आहे. संगीतकार मुसॉर्गस्कीचा चित्रकार मित्र हार्टमान वारला, मग त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि ते बघून मुसॉर्गस्कीने १८७४ मध्ये ही रचना केली, एकेका चित्रावर एकेक तुकडा आणि मधे मधे एका चित्रापासून दुसऱ्याकडे चालत जायची एक धून, तिला प्रोमनेड म्हणतात. १९२२ ला फ्रेंच संगीतकार राव्हेलने ती ऑर्केस्ट्रासाठी बांधली. आणि २६ मार्च १९७१ ला एमर्सन, लेक आणि पामर ह्या ब्रिटिश रॉक बँडच्या तिघांनी न्यूकॅसलच्या सिटी हॉलमध्ये लाइव्ह वाजवली, तेच ह्या सीडीवर आहे.

सुरुवात हॉलमधल्या मोठ्या पाइप ऑर्गनवर होते, एकटा कीथ एमर्सन, ड्रम नाही काही नाही. आमचे मामा मिरजेला असतात, आयुष्यभर तंबोऱ्याची जवारी काढत (तारेचा सूर नीट घुमावा म्हणून तंबोऱ्याची घोडी घासून) आलेत, रॉक म्हटलं की उठून आत जातात. त्या दिवशी विश्रामबागला घरी आले होते तेव्हा ही लावलेली होती तर बसूनच राहिले आणि मांडीवर बोटं मोजायला लागले, "अरे हे पाच आणि सहा चाललंय बघ, अकरा होतायत, परत लाव." मी शोधलं तर खरंच मूळ कागदावरच पहिली ओळ पाच आणि सहा मात्रांची अशी आलटून पालटून लिहिलेली आहे, आणि एमर्सनने ती तशीच ठेवलीय, सरळ चारात कोंबलेली नाही. माझ्या मते इथेच कळतं की ह्या माणसाने मूळ रचना मनापासून पचवलीय.

ह्या लोकांनी क्लासिकल ढापलं असं बरेच जण म्हणतात ते मला पटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या मिरजेत राहिले त्या भागातल्या माणसाला हे सांगायला नको, बंदिश तीच असते, किराणा घराण्याचा गायक वेगळी मांडतो ग्वाल्हेर घराण्याचा वेगळी. फक्त बंदिश कुणाची ते सांगावं. १९७०च्या पहिल्या अल्बमवर ह्यांनी हंगेरियन संगीतकार बार्टोकचं 'अलेग्रो बार्बारो' घेतलं आणि सुरुवातीच्या प्रतींवर त्याचं नाव नव्हतं, ते चुकलंच. इथे मात्र नावासकट सगळं उघड आहे.

मुळात दहा चित्रं, ह्यांनी चारच घेतलीत. 'द सेज' तर मुसॉर्गस्कीचं नाहीच, ग्रेग लेकचं स्वतःचं आहे, नुसती गिटार आणि आवाज, फार सुंदर. 'ओल्ड कॅसल' मला नाही आवडलं, मूळ धून इतकी संथ आणि उदास आहे आणि इथे ती पळवलीय, मग पुढे ब्लूजच सुरू होतो, तिथे धागा तुटतो. पण बाबा यागा! कोंबडीच्या पायांवर उभ्या झोपडीत राहणारी रशियन चेटकीण ती, कार्ल पामर ड्रमवर असा काही सुटतो की अंगावर काटा येतो, आणि शेवटी कीव्हचं मोठं दार येतं तेव्हा घरातले सगळे गप्प होते. त्यानंतर चायकॉव्हस्कीच्या 'नटक्रॅकर' बॅलेतल्या मार्चच्या (कवायतीच्या चालीच्या) धूनवरचं 'नट रॉकर' आहे, ठीक आहे, मजेचं.

छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ही ऐकू नका, ऑर्गनचे खालचे सूर त्यात येतच नाहीत, अर्धा अल्बम गेला समजा, बरा हेडफोन किंवा घरातली जुनी मोठी सिस्टीम काढा. लाइव्ह आहे त्यामुळे आवाज कुठे कुठे खरखरीत आहे, टाळ्या शिट्ट्या आहेत, मला ते चालतं. आणि आधी नुसत्या पियानोवरची मूळ रचना एकदा तरी पूर्ण ऐका, अर्ध्या तासाची आहे, नाहीतर एमर्सनने कुठे काय बदललं ते कळणारच नाही.

आवडली तर पुढे ह्यांचाच १९७३चा 'ब्रेन सॅलड सर्जरी' घ्या, त्यातला 'टोकाटा' अर्जेंटिनाचा संगीतकार हिनास्तेरा ह्याच्या पियानो कंचेर्टोवरून (पियानो आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेवरून) घेतलाय आणि ह्या वेळी त्याची परवानगी घेऊन. बाख हवा असेल तर त्याच्याच रचनेवरचं जेथ्रो टल ह्या दुसऱ्या रॉक बँडचं १९६९चं 'बुरे', बासरीवर. मामांना पुढच्या वेळी तेच लावून देणार आहे.