सहा फ्यूज होते, पण चुकीच्या टोकाला

कॅम्परमधल्या (राहण्याची सोय केलेल्या गाडीतल्या) दिव्यांच्या वायरिंगचे रत्नागिरीतल्या एका गॅरेजला १४,६०० रुपये मोजले. सहा एलईडी दिवे २,४००, वायर ३,८००, फ्यूज बॉक्स २,९००, मजुरी ५,५००. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो, हे मला ठाऊक होतं. तरी फसलो, याचीच लाज वाटते.

बॅटरी सीटखाली, फ्यूज बॉक्स मागच्या कपाटात. मधली साडेतीन मीटर वायर फ्यूजशिवाय पत्र्याखालून गेलेली. विचारलं, "बॅटरीपाशी फ्यूज कुठाय?" गॅरेजवाल्याने कपाट उघडलं, "हे काय साहेब, सहा-सहा फ्यूज दिलेत." मी मान हलवली. तिथेच सीट उचलायला लावायला हवी होती! फ्यूज सगळे हिरवे, म्हणजे ३० अँपिअरचे. १२ व्होल्टवर तीन वॅटचा दिवा पाव अँपिअर ओढतो, सहा मिळून दीड. तिथे ५ अँपिअरचा फिकट तपकिरी फ्यूज पुरतो. पण अंधार पडलेला, पाऊस धो धो, आणि माणूस ओळखीतून आलेला. कोण इतकं तपासतं?

पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून बसवतात ती कडी, नव्हतं. गुहागरच्या रस्त्याला हादऱ्यांनी वायर कडेवर घासली आणि बॉडीला टेकली. शॉर्ट फ्यूज बॉक्सच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, म्हणून एकही फ्यूज उडाला नाही. १०० अँपिअर-तासाची बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर ओतते. धूर दिसताच पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं, म्हणून गाडी राहिली. जळकी वायर खरवडली तर आत पांढरं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, भाव मात्र तांब्याचा लावलेला. आपल्या खाऱ्या हवेत ही वायर जोडापाशीच कुजते. विकत घेतानाच टोक खरवडा. कलई केलेलं तांबं मागा.

पोलीस म्हणाले, पैशाचा वाद आहे, कोर्टात जा. विमावाले म्हणाले, वायरिंग बाहेरचं, आमचा संबंध नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, गॅरेजवाल्याने उत्तरच दिलं नाही, तक्रार बंद. कच्चं बिल पाहून प्रत्येक जण पक्कं बिल मागतो. गाडी पेटली असती तरच यांनी कागद हातात घेतला असता का? पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नका. त्यावर वायरची जाडी आणि धातू लिहून घ्या.

पहिला फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत हवा. बॉक्सकडे जाणारी वायर ४ चौरस मिमीची असेल तर तो २० अँपिअरचा, पिवळा. कपाटातला बॉक्स त्याच्यानंतर. पैसे देण्याआधी पहिला फ्यूज उपसा. एकही दिवा लागला, तर वायर फ्यूजला वळसा घालून गेली आहे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. वायरचा जळका तुकडा पिशवीत बांधून ठेवला आहे. तुमच्याकडे असं झालं, तर तो तुकडा गॅरेजवाल्याला परत देऊ नका.