बागेच्या हद्दीला गडगा की झटका कुंपण?

राजापूरकडच्या एका आतेभावाने विचारले आहे की, आंबा-काजूच्या बागेत रानडुक्कर आणि चोर दोन्ही शिरतात, तेव्हा जांभ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेली भिंत, घालावा की झटका देणारे सौर कुंपण?

खर्च गडग्याचा जास्त, कारण चिरे आणि मजुरी दोन्ही महाग; पण पावसाळ्यानंतर ढासळलेले चार दगड पुन्हा रचले की तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. सौर कुंपण लवकर उभे राहते, मात्र तारेला टेकलेली वेल आणि रान सतत काढावे लागते, नाहीतर झटकाच उतरतो. माकडे मात्र गडग्याला जुमानत नाहीत.

खरा फरक कायद्यात आहे. विनापरवाना आत आलेल्याबद्दल मालकाची जबाबदारी पाहुण्याइतकी नसते. तरी त्याला इजा होईल असा सापळा लावता येत नाही. चेरुबिन ग्रेगरी खटल्यात शौचालयाच्या वाटेवर उघडी जिवंत तार लावणाऱ्याला, तिच्या धक्क्याने एक स्त्री मेल्यावर, दोषी धरण्यात आले आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. आज असा मृत्यू भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या गुन्ह्यात, येऊ शकतो. सौर यंत्र क्षणभराचे झटके देते. घरच्या मीटरवरून थेट जोडलेली तार जीव घेते.

म्हणून पायवाटेलगत, जिथून शाळेची मुले करवंदांसाठी आत वाकतात, तिथे गडगाच घालावा. रानाकडच्या बाजूला, डुकरांसाठी, प्रमाणित यंत्राचे कुंपण चालेल, पण ठळक मराठी फलकांसह.