स्कॉर्पिओ-एनला वीसचे अलॉय? मी अठराच ठेवले

कोल्हापुरातल्या टायरवाल्यांनी माझ्या स्कॉर्पिओ-एनला २० इंची अलॉय रिम लावायचा आग्रह धरला नाही, यासाठीच त्यांना पैकीच्या पैकी गुण. उलट म्हणाले, "साहेब, तुमचं जाणं-येणं गगनबावड्याकडं. रिम मोठी केली की टायरची भिंत बारीक होते, खड्ड्यात पहिली रिमच वाकते."

कंपनीचा साइज २५५/६० आर१८, म्हणजे टायरची रुंदी २५५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १८ इंची. मला २५५/६५ हवे होते, पण त्यानं चाकाचा व्यास सव्वातीन टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. म्हणून २६५/६० ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारे टायर घेतले. व्यास फक्त १२ मिलिमीटर जास्त, रिम मूळचीच, त्यामुळं ऑफसेटची, म्हणजे चाक आत-बाहेर सरकण्याची भानगड नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवूनही टायर कुठं घासत नाही, हे त्यांनी माझ्यासमोर दाखवलं. टायरवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडेही वाचून दाखवले: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुना माल नाही म्हटल्यावरच पैसे दिले.

पावसात जांभ्याच्या चिखलात पकड जबरदस्त! हायवेवर गुणगुण ऐकू येते, स्टिअरिंगही किंचित जड झालंय. घाटात राहणाऱ्यानं हाच साइज घ्यावा. फक्त पुणे-मुंबई करणाऱ्यानं मूळचे हायवे टायरच ठेवावेत.