दिवाणखान्यातली देवी: रवि वर्मा, तंजावर की पछेडी?

मोठ्या भिंतीवर देवीचं चित्र लावायचं असं घरात एकदा ठरलं की फिरून फिरून तीनच नावं पुढे येतात. रवि वर्म्यांची सरस्वती किंवा लक्ष्मी, तंजावरची गजलक्ष्मी आणि अहमदाबादची माता नी पछेडी, म्हणजे कापडावर रंगवलेली देवी. तिन्ही माझ्या घरात नांदून झाल्यात. त्यात श्रेष्ठ कोण हे मी सांगणार नाही, तेवढा माझा अधिकारही नाही. रोज समोर बसल्यावर काय होतं तेवढं सांगतो.

सरस्वती आधी आली. डोळे मिटले की आपल्याला जी देवी दिसते ती बहुतेक वेळा रवि वर्म्यांचीच असते, त्यामुळे ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि काही वर्षांनी तो मळवलीला नेला. पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यांच्या खिडकीतून रोज जातं ते मळवली. तिथल्या दगडी शिळांवर छापलेल्या या ओलिओग्राफनी, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांनी, देवीला घराघरात पोचवलं. जुनी प्रत घेणार असाल तर खिशात भिंग ठेवा. शिळेवरच्या छपाईत गालावरचे ठिपके हाताने टाकलेले, थोडे वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ असतात. नव्या ऑफसेट प्रतीत ते शाळेच्या कवायतीसारखे रांगेत उभे दिसतात. खालच्या कडेला छापखान्याचं आणि कार्ला-लोणावळ्याचं नाव असलं तर उत्तमच, पण फ्रेमवाल्यांनी बऱ्याच प्रतींची ती कड कापून टाकलेली असते. माझ्या प्रतीचीही कापलेली होती. मी समजून घेतलं.

आता मुख्य तक्रार. काच.

आमची खिडकी सरस्वतीच्या बरोबर समोर. सकाळी अकरापर्यंत तिच्या वीणेवर समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले टॉवेल दिसायचे. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली की गळ्यापासून मोरापर्यंत एक पांढरी पट्टी. साडेआठला मालिका सुरू झाली की चेहऱ्यावर निळा उजेड नाचायचा. बाकीच्या वेळी तिथे कोण दिसायचं? बनियनमधला मी, हातात चहाचा कप. पाच-सहा वर्षं ती भिंतीवर होती, पण तिचा चेहरा मी नीट पाहिला तो पावसाळी दुपारी, पडदे ओढून, दिवे बंद करून. वर आई येता-जाता काचेलाच कुंकवाचं बोट लावायची. ते पुसायला गेलं की फराटा उठायचा, मग ओलं फडकं, मग कोरडं फडकं.

कॅनव्हासवर छापून घ्या, काच लागत नाही, असं बरेच जण सुचवतील. मी पाहिलं करून. ठिपके जातात, रंग भडक होतात, आणि छापणाऱ्याने कुठेतरी चेहरा गुळगुळीत करून टाकलेला असतो. कदाचित मलाच चांगली प्रत मिळाली नसेल.

तंजावरची गजलक्ष्मी मेहुण्याने दिली. मराठी माणसाला तंजावरचा जरा जास्तच अभिमान असतो, आणि तो फुकटचा नाही. 1676 पासून 1855 पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती, आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात ही चित्रकला चांगलीच बहरली. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, खडूची पूड आणि डिंक कालवून दागिने, खांब, कमानी उठावदार करायच्या, त्यात खडे बसवायचे आणि वरून सोन्याचा वर्ख. खरा वर्ख काळा पडत नाही. नकली दोन-तीन पावसाळ्यांत चुगली करतो. तेलाच्या दिव्याच्या उजेडात हे सोनं जे काही बोलतं त्याला तोड नाही, हे मी मान्य करतो. पण दिवाणखान्यात एलईडी आहे. आणि इथेही काच आलीच. काच काढून पाहिली तर खड्यांच्या फटीत धूळ आणि उदबत्तीची काजळी बसते, शिवाय आमच्याकडच्या दमट हवेत खडूच्या थराची धास्ती. चमक न मारणारी महागडी काच बसवली, तर सोनं असं मंदावलं की वर्ख कशाला लावला होता असं वाटायला लागलं. वजनाचं तर बोलायलाच नको. दोन माणसं, चार प्लग, आणि ड्रिलचा आवाज ऐकून वर आलेले खालचे काका.

पछेडीकडे मी वळलो तो असा, काचेला कंटाळून.

पछेडी म्हणजे मातेच्या पाठीमागचं वस्त्र. देवळात प्रवेश नाकारलेल्या वाघरी समाजाने कापडाचंच देऊळ उभं केलं: मागे पछेडी, डोक्यावर चंदरवो, म्हणजे कापडी छत. मधल्या चौकात देवी, भोवती ओळीओळीने भक्त, वाजंत्री, भुवा म्हणजे अंगात येणारा पुजारी, बळीचा पशू, वर सूर्य-चंद्र. देवी वाहनावरून ओळखायची: बोकडावर मेलडी, मगरीवर खोडियार, कोंबड्यावर बहुचरा. अहमदाबादच्या वासणा भागात चितारा घराणी आजही हे काम करतात. कापड हरड्याच्या पाण्यात भिजवतात. गूळ आणि गंजलेलं लोखंड कुजवून काळा रंग होतो, तो चिंचोक्याच्या पिठाने दाट करून बांबूच्या कलमाने रेघा काढतात. लाल हवा तिथे फक्त तुरटी लावतात. ती जेमतेम दिसते. मग कापड अलिझरीन या लाल रंगाच्या पाण्यात उकळलं की तुरटी लागलेली जागा लालभडक होऊन वर येते.

2023 मध्ये या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं, तशा स्क्रीन प्रिंटच्या नकलाही बाजारात आहेतच. कापड उलटून पाहा. रंग पाठीमागे उतरलेला नसेल तर हात आखडता घ्या. किनारीला ठसे असले तर बिघडत नाही, देवी मात्र कलमाने काढलेली हवी. हाताची रेघ कुठे जाड, कुठे बारीक होतेच.

हिच्यातही खोडी आहेत. पश्चिमेच्या उन्हात लावू नका, रंग उतरतो. पहिला पावसाळा हरड्याचा तुरट वास येतो. घडीची रेघ जायला दोन महिने लागले. आणि लाल-काळं कापड, त्यात बळीचा बोकड, हे प्रत्येक घरात चालेलच असं नाही. आमच्याकडेही "दिवाणखान्यात काळं कशाला?" झालंच. शांत, सोज्वळ काही हवं असेल, किंवा भिंत खिडकीसमोर नसेल, तर सरस्वतीच घ्या, मी अडवणार नाही. आमची आता पॅसेजमध्ये आहे, तिथे खिडकीच नाही, आणि छान दिसते. गजलक्ष्मी देव्हाऱ्यावर गेली. समोर समई असते, त्यामुळे तिचंही भलं झालं.

मोठ्या भिंतीवर मात्र बहुचरा. वरच्या शिवणीत बांबूची काठी, दोन खिळे, काम झालं. सकाळी अकरा वाजता, रात्री ट्यूबलाइटमध्ये, मालिका चालू असताना, कुठूनही बघा, देवीच दिसते. पंखा लावला की खालची कड जराशी हलते. आईची पंचाईत झाली ती कुंकवाची. चार दिवस ती कोंबड्यासमोर बोट घेऊन उभी राहायची आणि परत जायची. आता काठीचं डावं टोक लाल झालंय.