उघडा पत्रा आणि महिनोन्‌महिने चालणारं काम: एच प्रायमर की इपॉक्सी?

गाडी आठवड्याभरात रंगवून मोकळी होणार असेल तर एच प्रायमर (etch primer, उघड्या पत्र्यावर रंगाआधी द्यायचा आम्लयुक्त थर) चालतो. त्यातलं फॉस्फरिक आम्ल पत्र्याला चावून धरतं, थर जेमतेम 10 मायक्रॉनचा, वाळतोही झटपट. पण तो ओल अडवत नाही. पावसाळ्यात कोकणातल्या शेडमध्ये नुसत्या एच प्रायमरवर दरवाजा ठेवला, तर खालून गंज येणारच. शिवाय त्यावर थेट पॉलिएस्टर पुट्टी लावू नये. आम्लामुळे ती नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात.

रेंगाळणाऱ्या कामाला इपॉक्सीच, म्हणजे हार्डनर (थर कडक करणारा दुसरा भाग) मिसळून लावायचा प्रायमर. पत्रा 80 ते 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ग्रीस रिमूव्हरने पुसा, त्याच दिवशी दोन हात मारा. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचंच, अंदाजपंचे नाही. मिसळल्यावर कंपनीने सांगितलं असेल तेवढा वेळ थांबा. पुट्टी यावर बिनधास्त भरा. पुढचा थर द्यायची मुदत उलटली तर 320 ने घासून मगच पुढे. हे टाळलं की वरचा थर सोलतो. थंडीत पारा 15 अंशांखाली गेला की इपॉक्सी नीट पिकत (कडक होत) नाही, तेव्हा दुपारीच फवारा.

दोन्ही एकावर एक? बहुतेक कंपन्या आम्लाच्या एच प्रायमरवर इपॉक्सी नको म्हणतात.