नर्सला जी फी माफ आहे, तिचेच ३,२६,०२५ रुपये मी भरले

आधी २०,००० रजिस्ट्रेशनचे. मग ४८,५०० डॉक्युमेंटेशनचे. मग ८५,००० स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटचे, म्हणजे व्हिसासाठी तिथलं हॉस्पिटल देतं त्या कागदाचे. मग ३,२६,०२५ हेल्थ सरचार्जचे, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य सेवा (एनएचएस) वापरण्यासाठी व्हिसाबरोबर भरायच्या पैशांचे. आणि शेवटी माझीच मूळ प्रमाणपत्रं माझ्या हातात द्यायला २५,००० रोख. एकूण ५,०४,५२५ रुपये. एका एजंटामार्फत इंग्लंडला स्टाफ नर्स म्हणून जाणार होते. गेले नाही, आणि एक रुपयाही परत आलेला नाही.

लोक म्हणतात, शिकलेली बाई फसलीच कशी? नऊ वर्षं आयसीयूत काढली आहेत मी. इन्शुलिनचा डोस भरला की दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय पेशंटजवळ जात नाही. ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दुसऱ्या खेपेला सुटली, रायटिंगला सी प्लस आणि बाकी तिन्हींत बी. एनएमसीची, म्हणजे ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलची, सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा ८३ पौंड भरून मी स्वतः दिली, पहिल्या झटक्यात पास. पुढचंही माझं मलाच करता आलं असतं, हे आता कळतं. पण आठवड्यात चार-चार नाइट केल्यावर कागदांच्या मागे लागायची ताकद कुठून आणायची? माझ्या बॅचच्या तिघी एजंटामार्फतच गेल्या आणि व्यवस्थित पोहोचल्या. त्यांच्या एजंटाने त्यांच्याकडून काहीच घेतलं नव्हतं, त्याला पैसे हॉस्पिटलने दिले होते. एवढा एक प्रश्न मी त्यांना विचारला नाही. ब्रिटनमध्ये नोकरी लावून देण्याची फी उमेदवाराकडून घेणं बेकायदेशीर आहे, १९७३ पासूनचा कायदा आहे.

इंटरव्ह्यू नऊ मिनिटांत संपला, तोही व्हॉट्सअॅप कॉलवर, कॅमेरा बंद ठेवून. ‘मेट्रन’ने माझं नाव, वय, लग्न झालंय का, कधी निघू शकता, एवढंच विचारलं. पेशंटबद्दल एक शब्द नाही. सेप्सिस नाही, पेशंट किती बिघडतोय ते मोजायचा तिथला न्यूज टू स्कोअर नाही, चुकीचं औषध गेलं तर काय कराल तेही नाही. एनएमसीच्या नोंदणीचं काम कुठवर आलंय, याचीही चौकशी नाही. मला वाटलं, नर्सेस कमी आहेत म्हणून घाई असेल. असा इंटरव्ह्यू झाला तर तिथेच थांबा.

पण मी जिथे थांबायलाच हवं होतं ती जागा वेगळी. सरचार्जचा मेसेज आला तेव्हा मी नाइटला होते. पहाटे तीनला जरा निवांतपणा मिळाला म्हणून ब्रिटिश सरकारच्या साइटवर गेले. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावाल्यांना हा सरचार्ज भरावा लागत नाही. स्क्रीनशॉट काढून एजंटाला पाठवला. चाळीस मिनिटांनी त्याची व्हॉइस नोट आली, “सिस्टर, ती सूट फक्त एनएचएसच्या स्टाफला. तुमचं प्रायव्हेट विंगला आहे. बारापर्यंत भरा, नाहीतर सीट दुसरीला जाईल.”

माझं ऑफर लेटर त्याच फोनमध्ये होतं. वर मोठ्या अक्षरांत एनएचएस, खाली बँड ५, म्हणजे तिथल्या स्टाफ नर्सची पगारश्रेणी. त्याच्याच बोलण्याप्रमाणे मला सूट लागू होती! दोन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये असताना मी त्या शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. ड्यूटी संपवून, युनिफॉर्मही न बदलता बँकेत गेले आणि वर्षाला १,०३५ पौंड, तीन वर्षांचे ३,१०५, त्याने सांगितलेल्या १०५ च्या भावाने भरून आले. तेही कुणा बाईच्या बचत खात्यात, ‘आमच्या अकाउंटंट मॅडम’ म्हणून. व्हिसाचे पैसे अर्ज भरताना सरकारच्याच साइटवर भरायचे असतात. कुणाच्याही बचत खात्यात ते जात नाहीत. हे वाक्य लिहून ठेवा.

स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट म्हणून पीडीएफ आली होती, गोल निळा शिक्का आणि सही असलेली. शिक्क्यात हॉस्पिटलच्या नावातलं एक अक्षर वेगळं होतं, लेटरहेडवर वेगळं. खरं सर्टिफिकेट म्हणजे त्यांच्या होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटिश गृहखात्याच्या, सिस्टिममधली नोंद असते, तुम्हाला मिळतो तो तिचा नंबर. शेवटी त्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवरून पत्ता काढून मीच मेल केला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, अशी ऑफर आम्ही दिलेली नाही. हा मेल आधी केला असता तर? फुकट होता.

त्यानंतर अकरा दिवस मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. लाज वाटत होती. त्या अकरा दिवसांत त्या ‘अकाउंटंट मॅडम’चं खातं रिकामं झालं. तुम्ही लाजू नका, त्याच तासाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

पोलीस स्टेशनला चार तास बाकावर बसवून ठेवलं आणि सांगितलं, हे सिव्हिल मॅटर आहे, तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत. दुसऱ्या दिवशी सांगितलं, एजंटाचं ऑफिस आमच्या हद्दीत नाही. तिकडे गेले, तर ते म्हणाले, पैसे जिथून गेले तिथे जा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यायला सांगितलंय. त्याची प्रिंट काढून नेली, तर उत्तर मिळालं, “मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका.” बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच केलाय, हा आमच्या फ्रॉडमध्ये बसत नाही. ज्या खात्यात पैसे गेले ती बँक तर माझ्याशी बोलायलाच तयार नाही, कारण मी त्यांची ग्राहक नाही. मग चोराची सगळी माहिती गुपित आणि माझे पगाराचे कागद, आधार, पासपोर्ट मात्र प्रत्येक टेबलावर तीन-तीन प्रतींत! प्रत्येक जण एकच विचारतो, “तुम्हाला कळलं नाही का?” मी कबुली द्यायला आले होते की तक्रार द्यायला?

एजंटाचं लायसन्स भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतं. त्याचं नाव तिथे नव्हतंच. लायसन्स असलेल्या एजंटालाही ३०,००० आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त सर्व्हिस चार्ज घेता येत नाही. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. आपलं इथलं नर्सिंग कौन्सिल पडताळणी थेट एनएमसीला पाठवतं, त्यासाठी तुमची मार्कशीट एजंटाच्या कपाटात कशाला हवी?

छत्तिसाव्या दिवशी एफआयआर झाली. त्यात रक्कम ४,७९,५२५ लिहिली आहे. प्रमाणपत्रं सोडवायला दिलेले २५,००० धरलेच नाहीत, पावती नाही म्हणून. आता तपास अधिकारी बदललेत. नव्या साहेबांनी सगळे कागद पुन्हा तीन प्रतींत मागितलेत, सोमवारी घेऊन जायचं आहे. एजंटाची जाहिरात अजून फिरते आहे, त्याच मोबाइल नंबरवर.